विश्लेषण : पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा 'कम्युनिस्ट जाहीरनामा' पावसच्या आंबा बागेत आज किती लागू पडतो?

लंडनमध्ये छापलेले २३ पानांचे जर्मन पुस्तक मुंबईच्या गिरणगावात पोहोचले आणि रत्नागिरीच्या चाकरमान्यांच्या आयुष्यात शिरले. त्यातले काय खरे ठरले, काय चुकले आणि आज त्याकडे कसे पाहायचे?

फेब्रुवारी सरत आला की रत्नागिरी तालुक्यातल्या पावस, गोळप, गणेशगुळे या पट्ट्यातल्या आंबा बागांत लगबग सुरू होते. फवारणी, राखण, मग तोडणी आणि पेट्या भरणे. ही कामे करायला बागेतल्या खोपीत जी माणसे राहतात ती बऱ्याच ठिकाणी आता गावची नसतात. ती नेपाळमधून आलेली असतात. गावकरी त्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतात. रत्नागिरीच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणूनही हीच माणसे दिसतात.

शंभर वर्षांपूर्वी चित्र उलटे होते. तेव्हा याच गावांतली माणसे बोटीत बसून पोटासाठी मुंबईला जात होती. मुंबईच्या कापड गिरण्यांना सर्वाधिक माणसे पुरवणारा जिल्हा म्हणजे रत्नागिरी. ज्या घराने काल कामगार पाठवला, तेच घर आज कामगार ठेवते. हा बदल समजून घ्यायचा तर एका जुन्या पुस्तकाचा उपयोग होतो. त्या पुस्तकाच्या प्रकाशनाची तारीख २१ फेब्रुवारी १८४८ ही मानली जाते. पुस्तकाचे नाव 'कम्युनिस्ट पक्षाचा जाहीरनामा'. लेखक कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स.

हे पुस्तक नेमके काय आहे?

पुस्तक म्हणण्यापेक्षा पत्रक म्हणावे इतके ते छोटे आहे. पहिली आवृत्ती जेमतेम २३ पानांची, जर्मन भाषेतली आणि लेखकांच्या नावाशिवाय निघालेली. त्याचे चार भाग आहेत. पहिल्यात भांडवलदार आणि कामगार हे दोन वर्ग कसे तयार झाले ते सांगितले आहे. दुसऱ्यात कम्युनिस्टांना काय हवे, हे येते आणि दहा मागण्यांची यादी दिली आहे. तिसऱ्यात त्या काळातल्या इतर समाजवादी विचारांचा समाचार घेतला आहे. चौथा भाग इतर पक्षांशी कसे वागायचे याबद्दल आहे. आज सर्वांत जास्त वाचला जातो तो पहिला भाग, आणि सर्वांत जास्त वाद झाला तो दुसऱ्यावर.

मूळ मांडणी सोपी आहे. कारखाने, जमीन, यंत्रे, पैसा ज्यांच्या ताब्यात आहे ते एका बाजूला. ज्यांच्याकडे विकायला फक्त स्वतःचे श्रम आहेत ते दुसऱ्या बाजूला. या दोघांच्या हितसंबंधांची ओढाताण हेच इतिहासाला पुढे नेणारे बळ आहे, असा लेखकांचा दावा होता. या ओढाताणीला त्यांनी वर्गसंघर्ष म्हटले.

अनेकांना ठाऊक नसते की याच पुस्तकात भांडवलदार वर्गाची वाखाणणीही आहे. जुनी सरंजामशाही त्यानेच मोडली, दळणवळण त्यानेच वाढवले, सगळे जग एका बाजारपेठेत त्यानेच ओढले, असे मार्क्स आणि एंगल्स यांनी लिहिले. त्यांचा आक्षेप असा होता की, या प्रचंड ताकदीचा लाभ थोड्यांना होतो आणि किंमत बाकीचे मोजतात.

ते कसे लिहिले गेले?

युरोपात स्थलांतर केलेल्या जर्मन कारागिरांची एक गुप्त संघटना होती. तिचे नाव 'न्यायनिष्ठांचा संघ'. १८३६ मध्ये पॅरिसमध्ये ती स्थापन झाली. पुढे १८४७ च्या जून महिन्यात लंडनमध्ये तिचे रूपांतर 'कम्युनिस्ट लीग'मध्ये झाले. म्हणजे या पुस्तकाची मागणी करणारे लोक स्वतःच परमुलखात कामाला गेलेले कामगार होते.

लीगला आपले धोरण लिखित स्वरूपात हवे होते. एंगल्सने आधी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक मसुदा केला. मग नोव्हेंबर १८४७ मध्ये त्यानेच मार्क्सला पत्र लिहून सुचवले की, हा प्रश्नोत्तरांचा साचा सोडू आणि याला जाहीरनामा म्हणू. अंतिम लेखन मार्क्सकडे आले. तो तेव्हा ब्रुसेल्समध्ये राहत होता आणि काम रेंगाळले. शेवटी लीगच्या मध्यवर्ती समितीने जानेवारी १८४८ च्या अखेरीस तंबी दिली की, १ फेब्रुवारीपर्यंत मजकूर लंडनला आला नाही तर पुढील कारवाई केली जाईल. मजकूर पोहोचला. मार्क्सचे वय तेव्हा २९ होते, एंगल्सचे २७.

पुस्तक छापून होते न होते तोच पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि युरोपभर उठाव पसरले. ते उठाव या पुस्तकामुळे झाले नव्हते. ते इतके कमी लोकांपर्यंत गेले होते की तसे होणे शक्यही नव्हते. उठाव चिरडले गेले आणि पुस्तक दोन दशके जवळजवळ विस्मरणात गेले. १८७० च्या दशकात कामगारांचे पक्ष वाढू लागले, तेव्हा त्याला दुसरे आयुष्य मिळाले. १८७२ च्या प्रस्तावनेत लेखकांनीच मान्य केले की, त्यातले काही तपशील आता जुने झाले आहेत.

मूळ हस्तलिखितापैकी आज एकच पान उरले आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्याच्या यादीत त्याचा समावेश केला.

रत्नागिरीशी याचा काय संबंध?

जाहीरनामा छापला गेला तेव्हा मुंबईत एकही कापड गिरणी नव्हती. कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या गिरणीची कंपनी १८५४ मध्ये काढली. त्याच्या आदल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली होती. त्याच वर्षी मार्क्स न्यूयॉर्कच्या एका दैनिकात भारतावर लेख लिहीत होता आणि रेल्वेच्या मागून भारतात आधुनिक उद्योग येतील, असे सांगत होता.

उद्योग आले, आणि त्यांना माणसे हवी होती. ती कोकणातून मिळाली, त्यामागे कोकणातली जमीनव्यवस्था होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या असंख्य गावांत खोती होती. खोत हा सरकारसाठी सारा गोळा करणारा वंशपरंपरागत मध्यस्थ. प्रत्यक्षात तोच गावचा धनी. कुळाने पिकवलेल्या भातातला कुठे निम्मा, कुठे तिसरा हिस्सा खोताच्या घरी जायचा. वर वेठ होतीच. डोंगरउताराची जमीन, पावसावरचे एक पीक आणि त्यातला मोठा वाटा दुसऱ्याचा. घरातला एक तरी तरणा मुलगा मुंबईला गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती.

जाहीरनाम्यात म्हटले होते की, नवा उद्योग खेड्याला शहराच्या दावणीला बांधतो. रत्नागिरीत ती दावण म्हणजे मनीऑर्डर होती.

पण इथेच एक गोष्ट पुस्तकाच्या बाहेर जाते. युरोपातल्या कामगाराकडे स्वतःच्या श्रमांखेरीज काही उरलेले नाही, हे मार्क्सने गृहीत धरले होते. कोकणातला गिरणी कामगार तसा नव्हता. परळ-लालबागच्या खोलीत तो दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, खानावळीत जेवायचा, पण गावाला त्याची बायको शेत कसत होती, आई-बाप होते, गोठा होता. याचा मालकाला फायदा होता. कामगाराचे अर्धे कुटुंब गावाकडे पोसले जात असल्याने कमी पगारात भागायचे. आणि याचाच कामगारालाही आधार होता. संप लांबला की तो गावाला जाऊन भाकरी खाऊ शकत होता. गिरण्यांचे संप महिनोन् महिने चालले, त्यामागे लाल बावट्याइतकेच गावच्या भातशेतीचे आणि ती कसणाऱ्या बायकांचे बळ होते. त्या बायकांच्या श्रमाला ना पगार होता, ना संपाच्या इतिहासात फारशी जागा.

मराठी कामगारांपर्यंत हा विचार कसा पोहोचला?

मुंबईत कामगार चळवळ मार्क्सच्या आधीच उभी राहिली होती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्यांची प्रेरणा महात्मा फुले होती.

मार्क्सवादी विचार १९२० च्या दशकात आला. नाशिक जिल्ह्यात जन्मलेले श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि १९२२ मध्ये 'सोशालिस्ट' हे साप्ताहिक सुरू केले. पण विचार हजारो कामगारांच्या तोंडी गेला तो १९२८ च्या संपात. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, असा तगादा मालकांनी लावला होता. त्यात माणसे कमी होणार आणि उरलेल्यांवर बोजा पडणार, हे उघड होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. याच संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. अध्यक्ष होते अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणी कामगार.

सरकार बिथरले. २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड झाली आणि मेरठचा खटला उभा राहिला. आरोपींत डांगे, आळवे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर असे मुंबईचे अनेक जण होते. त्यांच्यात पनवेलचे गंगाधर अधिकारीही होते. बर्लिनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते नुकतेच परतले होते. खालच्या न्यायालयाचा निकाल जानेवारी १९३३ मध्ये लागला. तोवर आरोपींनी न्यायालयालाच व्यासपीठ केले होते. जाहीरनामा मराठीत आणण्याशी अधिकारी यांचेच नाव जोडले जाते आणि तो काळही हाच, मेरठ खटल्याचा.

पावस हे स्वामी स्वरूपानंदांचे गाव. ज्ञानेश्वरी अभंगरूपात आणण्याचे काम त्यांनी इथे बसून केले. जड ग्रंथ आपल्या माणसांच्या तोंडी बसेल अशा भाषेत आणण्याला काय मोल असते, हे या गावाला वेगळे सांगायला नको. मराठी कामगारांनीही परक्या शब्दांना घरचे केले. भांडवलदार, शोषण, वर्ग, संप, मोर्चा हे शब्द गिरणगावातून गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याबरोबर कोकणात पोहोचले. खुद्द 'जाहीरनामा' हा शब्द मराठीत इतका रुळला की, नारायण सुर्वे यांनी १९७५ मध्ये आपल्या कवितासंग्रहाला तेच नाव दिले. आज निवडणूक आली की प्रत्येक पक्ष जाहीरनामाच काढतो.

जाहीरनाम्याला काय दिसले नाही?

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जात. युरोपात बसून लिहिलेल्या या पुस्तकात तिचा विचार असण्याचे कारण नव्हते. पण त्याचा मराठी वाचक तिला टाळू शकत नव्हता.

गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार चांगला होता. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्य कामगाराने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगार घेणार नाहीत, म्हणून त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेशच नव्हता. मालक आणि मजूर यांच्यातली रेघ पुस्तकात होती. मजूर आणि मजूर यांच्यातली रेघ गिरणीत होती. १९२८ च्या संपावेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. संपाच्या मागण्यांत हा भेद मोडण्याची मागणी का नाही, असा त्यांचा सवाल होता. पुढे १९३६ मध्ये त्यांनी मांडले की, जात ही केवळ कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे.

आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात. खोतीचा अनुभव त्यांच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या घेतला होता. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावातच मजूर होता. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले.

ही जवळीक टिकली नाही. आंबेडकरांचे मार्क्सशी अखेरपर्यंत भांडण राहिले. नोव्हेंबर १९५६ मध्ये, निधनाच्या दोनच आठवडे आधी, काठमांडूच्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण दूर करण्याचे उद्दिष्ट त्यांना मान्य होते. हिंसा आणि हुकूमशाही हा मार्ग मान्य नव्हता. जाहीरनाम्यावर मराठी माणसाने केलेली ही सर्वांत वजनदार टीका म्हणायला हवी, कारण ती मजुरांच्या बाजूने उभे राहून केलेली आहे.

दहा मागण्यांचे आपल्याकडे काय झाले?

जाहीरनाम्यातल्या दहा मागण्या १८४८ मध्ये माथेफिरूपणाच्या वाटल्या होत्या. त्यांतल्या काही आज कोणत्याही पक्षाच्या सरकारला नेहमीच्या वाटतात. त्या मार्क्समुळेच आल्या असे म्हणता येणार नाही. त्यांच्यामागे अनेक चळवळी आणि अनेक सरकारे आहेत. तरी हिशेब पाहण्यासारखा आहे.

• जमीन : जमिनीची खासगी मालकी संपवा आणि खंड सार्वजनिक कामाला लावा, ही पहिली मागणी. कोकणात १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. पण जमीन सरकारची झाली नाही. ती कसणाऱ्या अनेक कुळांची झाली. म्हणजे मालकी संपली नाही, मालक वाढले.

• चढता प्राप्तिकर : भारतात प्राप्तिकर १८६० मध्ये इंग्रजांनी, १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढायला आणला. जास्त उत्पन्नाला जास्त दर हे तत्त्व आता रुळले आहे. शेतीचे उत्पन्न मात्र केंद्राच्या प्राप्तिकरातून वगळलेले आहे. त्यात हापूसही आला.

• वारसा हक्क रद्द : वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवर भारतात १९५३ पासून कर होता. १९८५ मध्ये तो गेला.

• बँका सरकारकडे : १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याचा एक वेगळाच परिणाम गिरणगावात दिसला. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कचाट्यात होत्या. कम्युनिस्ट कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली.

• दळणवळण सरकारकडे : रेल्वे आणि एसटी ही उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर झटलेले राजापूरचे खासदार मधू दंडवते समाजवादी होते. मार्क्स आणि गांधी यांच्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

• मोफत शिक्षण आणि मुलांची कारखान्यातली मजुरी बंद : ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे.

या यादीतले बहुतेक बदल मतपेटीतून आणि कायद्याने झाले. जाहीरनाम्यात सुचवलेल्या क्रांतीच्या वाटेने ते झाले नाहीत. कोकणाने तर नाथ पै आणि दंडवते यांच्यासारखे लोकशाही समाजवादी निवडून देऊन आपली पसंती स्पष्ट केली होती.

त्याच्या नावाने जे घडले त्याचे काय?

हा प्रश्न टाळून या पुस्तकाबद्दल प्रामाणिकपणे बोलता येत नाही. १९१७ नंतर रशियात आणि पुढे चीनसह अनेक देशांत या पुस्तकाला आधार मानणारी सरकारे आली. त्यांनी साक्षरता, आरोग्य, उद्योग यांत मोठी मजल मारली. त्याच सरकारांनी विरोधकांना छळछावण्यांत पाठवले, स्वतंत्र कामगार संघटनाही चालू दिल्या नाहीत आणि शेतीवर लादलेल्या हुकमांमुळे लाखो माणसे उपासमारीने मेली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला.

याचा सगळा दोष १८४८ च्या पत्रकावर टाकता येणार नाही. पण त्यात एक पोकळी आहे. मालकाच्या हातातली सत्ता काढून घेण्याबद्दल त्यात भरपूर आहे. ती सत्ता नव्या हातांत गेल्यावर तिला लगाम कोण घालणार, याबद्दल जवळपास काही नाही. आंबेडकरांनी बोट ठेवले होते ते याच जागेवर.

मग आज पावसमध्ये त्याचा उपयोग काय?

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि असंख्य कामगार कोकणात परतले. गावच्या जमिनीने त्यांना पुन्हा एकदा सांभाळले.

त्याच सुमारास कोकणाचा डोंगरउतार बदलू लागला होता. १९९० पासून राज्याने रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान दिले आणि कातळावर कलमे उभी राहिली. कालच्या कुळाचा नातू बागायतदार झाला. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता या बागायतदाराला जाहीरनाम्यातल्या दोन रकान्यांपैकी कुठल्या रकान्यात बसवायचे? कलमे त्याची आहेत, म्हणून तो मालक. पण मोहोर येण्याआधीच तो दलालाकडून किंवा बँकेकडून उचल घेतो, औषधांचे भाव कंपनी ठरवते, पेटीचा दर वाशीच्या बाजारात ठरतो आणि अवकाळी पाऊस आला तर वर्ष जाते. छोटे मालक संपून सगळे मजूर होतील, असे मार्क्स आणि एंगल्स यांना वाटले होते. तसे झाले नाही. छोटा मालक टिकला, पण तो वरच्या बाजूने दबलेला आणि खालच्या बाजूने दाबणारा असा टिकला. स्वतःचा तोटा कमी करायला त्याच्या हातात एकच खर्च असतो, तो म्हणजे मजुरी.

तिथे बागेतला नेपाळी कामगार येतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तो इथे येऊन काम करू शकतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि शेतमजुरी त्याच्या अनुसूचीत सुरुवातीपासून होती. पण बागेच्या खोपीत कामाचे तास किती, रात्रीच्या राखणीचे वेगळे पैसे किती, फवारणी करताना तोंडाला काय बांधायचे, झाडावरून पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे कागदावर क्वचितच असते. त्याची युनियन नाही. हंगामाबरोबर आलेल्या त्याच्या मुलाला शिक्षणाचा कायदा लागू आहेच. मात्र ते मूल वर्गात बसते की नाही, हे बागायतदार, शाळा आणि ग्रामपंचायत यांनी मनावर घेण्यावर ठरते.

आणि पावसचाच मुलगा आज मुंबई-पुण्यात असेल तर कुठे आहे? अनेक जण कंत्राटी सुरक्षारक्षक आहेत, कुणी मोबाइलवरच्या अ‍ॅपच्या हुकमावर घरोघर पार्सल पोहोचवतो. त्याला कंपनी कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' ही व्याख्या पहिल्यांदा आली, तेव्हा कुठे अशा कामाला कायद्यात नाव मिळाले. यंत्रासोबत कामाचा वेग वाढतो आणि माणूस यंत्राचा जोडभाग होतो, असे १८४८ मध्ये लिहिले गेले होते. तेव्हा ते यंत्र वाफेवर चालत होते, आज ते खिशात आहे.

म्हणजे एकाच घरातला एक भाऊ बागेत मालक आहे आणि दुसरा शहरात मजूर. जाहीरनाम्यातली दोन वर्गांची सरळ रेघ या घराच्या माजघरातून जाते. भविष्य सांगणारे पुस्तक म्हणून तो वाचला तर तो इथे चुकलेला दिसेल. पण काम कोण करतो, मालकी कोणाची, दर कोण ठरवतो आणि नुकसान झाले तर ते कोणाच्या अंगावर येते, हे प्रश्न त्याने एका जागी मांडले. ते प्रश्न वाशीच्या बाजाराला विचारण्याचा पावसच्या बागायतदाराला पूर्ण हक्क आहे. अ‍ॅपच्या कंपनीला विचारण्याचा त्याच्या भावालाही आहे.

तोच हक्क बागेतल्या खोपीत राहणाऱ्या माणसालाही आहे. गिरणगावात आपल्या आजोबांनी मालकाकडे जे मागितले होते, ते त्याला मिळते का, हे प्रत्येक बागायतदार हंगामाचा हिशेब करताना स्वतः तपासू शकतो. ठरलेली मजुरी वेळेवर, दुखापतीचा खर्च, राहायला धड छप्पर आणि मुलाला शाळा. १९२८ च्या संपकऱ्यांना यातली एकही गोष्ट नवी वाटली नसती.